दीड महिना पुढची बाई

"तू हसलीस त्याला, आर्डी. माझ्या बापाला हसलीस, आणि तेही देशभरच्या पेपरांतून."

"हसले नाही. काढलं."

"एकच आहे ते."

"एकच नाहीये, कॉरीन. त्यालाच विचार."

"काय विचारू? पायात बूट आहेत की मोजे हे त्याला कळत नाही, आणि तू म्हणतेस विचार."

एवढं बोलून कॉरीननं हातातला पेपर चित्राच्या पाटावर आपटला. शाईची बाटली डुगडुगली आणि आर्डिस पँक्रात्झचा हात आधी बाटलीकडे गेला. तीस वर्षांची सवय. भांडण सांडलं तर कधीतरी पुसता येतं, शाई सांडली तर पट्टी पहिल्यापासून काढावी लागते.

पेपर शनिवारचा होता आणि मागचं पान वर आलं होतं. त्या पानावर, गेली चाळीस-एक वर्षं जिथं असते तिथंच, 'टिल्बी कुटुंब' ही चित्रपट्टी होती. चार चौकटी. पहिलीत घरातला म्हातारा, पॉप टिल्बी, फ्रिजमधून स्वतःचे बूट काढतो. दुसरीत ते पायात चढवतो. तिसरीत गारठ्यानं त्याच्या मिशा खिळ्यांसारख्या ताठ. चौथीत सून विचारते, मग लोणी कुठं गेलं? आणि पॉप वाकून नाडी बांधता बांधता म्हणतो, "ते कालच पॉलिश करून ठेवलं."

सोमवारपासून आठवडाभर हेच चाललं होतं. पॉपचे बूट फ्रिजमध्ये, पॉपचं सॉसेज कपड्यांच्या कपाटात, पॉपचा चष्मा कुत्र्याच्या नाकावर. आणि त्याच आठवड्यात, त्याच पेपरच्या पहिल्या पानावर, शेबॉयगनच्या सगळ्या लोकांनी वाचलं होतं, की आपल्या गावाचं नाव मोठं करणारे, टिल्बी कुटुंबाचे जनक लाइल हॅगेडॉर्न यांची स्मृती गेली असून त्यांना सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात ठेवण्यात आलं आहे. पहिल्या पानावर दुःख, मागच्या पानावर त्याच दुःखाची टवाळी. मधे काय ती फुटबॉलची बातमी.

आर्डिसला हे कळलं सोमवारी सकाळी, लव्हॉनच्या खानावळीत. ती काउंटरवर कॉफी घेत बसली होती. शेजारच्या ट्रकवाल्यानं पेपर उघडा धरला होता, आणि तिनं सहज मान वळवली तर स्वतःचीच रेघ समोर. पॉप, फ्रिज, बूट. लव्हॉन भांडं घेऊन आली, कप भरला, आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, आर्डिस, आज तुमचा पॉप जरा जास्तच बोचतोय गं. बिचाऱ्या मिस्टर हॅगेडॉर्नला नको दाखवूस हं.

कॉरीन मिलवॉकीत राहते. तिथल्या पेपरातही टिल्बी येतात. ती सहा दिवस दात आवळून वाचत राहिली आणि सातव्या दिवसाची वाट न बघता गाडी काढून आली. लाइलच्या गॅरेजवरच्या या कामाच्या खोलीचा जिना तिनं पायात लोकरी कोट अडकत असतानाही धावत चढला असणार, कारण वर पोचली तेव्हा धाप लागलेली होती आणि त्या धापेतच ती भांडायला लागली होती.

तिच्या बाजूनंही बघायला हवं. टिल्बींच्या घरात एक मुलगी आहे, डॉटी. जाडी, दाताला तारा, सतत काहीतरी सांडणारी. ती डॉटी म्हणजे कॉरीन. सातवीत असताना कॉरीन नाटकात स्टेजवरून खाली पडली. घरी रडून झालं, आईनं समजावलं, शाळेतही लोक विसरले. आणि दीड महिन्यानंतर एका मंगळवारी डॉटी टिल्बी स्टेजवरून पडली, पेपरात, चार चौकटींत, तोंडावर. मग पुन्हा पहिल्यापासून. कॉरीन म्हणायची, आमच्या घरी जखमेवर खपली धरली की सहा आठवड्यांनी पेपरवाला येऊन ती काढून जायचा. पन्नाशी आली तरी गावात एखादा म्हातारा तिला अजून डॉटी म्हणून हाक मारतो, आणि ती वळून बघते, याचाच तिला जास्त राग येतो.

तर ते सहा आठवडे. या धंद्यात सगळी गोम तिथंच आहे. रोजची पट्टी छापून यायच्या दीड महिना आधी शिकागोच्या एजन्सीकडे पोचावी लागते, तिथून ती देशभरच्या पेपरांना जाते. रविवारची रंगीत त्याहूनही आधी. त्यामुळे आर्डिस गेली तीस वर्षं गावाच्या पुढं दीड महिना राहत होती. बाहेर लोक हॅलोविनचे भोपळे कोरत असायचे आणि ती नाताळचं झाड काढत असायची. लोक थँक्सगिव्हिंगच्या टर्कीवर ताव मारायचे तेव्हा तिच्या पाटावर जानेवारीचा बर्फ असायचा. एप्रिलमध्ये तिला उकडायचं. बहिणीच्या वाढदिवसाला ती दरवर्षी चुकायची, पण मागं पडून नव्हे. तिला वाटायचं, तो तर होऊन गेला.

ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. बाप खुर्च्यांच्या कारखान्यात, आई कारखान्याच्याच खानावळीत. चित्रकला टपालानं शिकलेली. लाइल हॅगेडॉर्नला बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायला कुणीतरी हवं होतं. त्यानं तिच्यासमोर कागद सरकवला आणि म्हणाला, लिही, 'पॉप, कुत्रा कुठंय?' तिनं लिहिलं. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, तुझी अक्षरं ओरडत नाहीत. उद्यापासून ये."

मिस्टर एच. म्हणायची ती त्याला. शेवटपर्यंत मिस्टर एच. आणि तो शेवटपर्यंत 'पोरी'. तिचे केस पांढरे झाले तरी पोरीच.

आधी अक्षरं. मग काळं भरणं. मग मागची झाडं, कुंपणं, दिव्याचे खांब. मग एक दिवस लाइलचा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले वयानुसार होतं, पण पन्नाशीत कुठलं आलंय वय. त्यानं आधी तिला चित्रांतले हात काढायला दिले, कारण हात सगळ्यात अवघड. मग चेहरे. मग एका हिवाळ्यात तो खिडकीजवळच्या कोचावर आडवा झाला तो परत पाटाशी बसलाच नाही. तिथून तो सांगायचा, ती काढायची. काही वर्षांनी सांगायचाही कमी झाला. "पोरी, काहीतरी कर, डोकं चालत नाहीये आज," म्हणायचा, आणि सरोवरावरच्या बोटी मोजत बसायचा. ती करायची. कोपऱ्यातली सहीसुद्धा तीच करायची. त्याची सही तिला त्याच्याहून झोकात यायची.

पेपराला फक्त सही दिसते.

एक गोष्ट मात्र आर्डिसनं स्वतःपुरती केली होती. या कामाची कच्ची आखणी निळ्या पेन्सिलीनं करतात, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसत नाही. शाईची रेघ तेवढी उमटते, निळं सगळं हवेत विरतं. तर लाइलची सही शाईत काढून झाली, की ती त्याच्याखाली निळ्या पेन्सिलीनं आपलं नाव लिहायची. आर्डिस पँक्रात्झ. रोज. कुणाला दिसणार नाही याची खात्री होती म्हणूनच लिहायची, असं ती स्वतःला सांगे. खरं म्हणजे तिला वाटायचं, कधीतरी एखादा मूळ कागद कुणाच्या हाती लागेल, आणि तो डोळ्यांजवळ धरून म्हणेल, अरे, हे काय लिहिलंय.

डेल्बर्ट शूख नावाचा एक माणूस होता. बंदरावर माशांना धुरी द्यायचा, अंगाला सदा लाकडाच्या धुराचा वास. शुक्रवारी रात्री ती दोघं तळलेला मासा खायला जायची आणि तो दर शुक्रवारी, बटाट्याचं सॅलड संपवताना, लग्नाचा तोच प्रश्न विचारायचा. ती म्हणायची, रविवारचं पान हातावेगळं होऊ दे. पण रविवारचं पान म्हणजे रविवारचं पान. एक झालं की दुसरं. लाइलचा एक नियम होता: आठवडाभर काय वाटेल तो गोंधळ घाल, पण शनिवारच्या चौथ्या चौकटीत सगळं जागच्या जागी. टिल्बींच्या घरात कुणी मोठं होत नाही, कुणी जात नाही, कुत्रासुद्धा मरत नाही. आर्डिसला वाटलं, डेल्बर्टही तसाच राहील. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सॅलड संपवताना विचारेल. एका शुक्रवारी तो आला नाही. ग्रीन बेला लग्न करून गेला होता. तिनं त्या आठवड्यात पॉपच्या तोंडी लिहिलं, मासा आणि पाव्हणा, दोन्ही जास्त ठेवले की वास मारतात. ते छापून आलं तेव्हा गावातली माणसं तिच्या खांद्यावर थाप मारून हसली. तोवर तिचं रडून झालेलं होतं.

आणि आता हे बूट.

ऑगस्ट अखेरची गोष्ट. लाइल दुपारी कोचावरून उठला, खाली स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ वर आला नाही. ती बघायला गेली तर तो उघड्या फ्रिजसमोर अनवाणी उभा, आणि आत, दुधाच्या शेजारी, त्याचे तपकिरी बूट, टाचा जुळवून नीट ठेवलेले. दोघं एकमेकांकडं पाहत राहिली. मग लाइल हसायला लागला. इतका, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पोरी, हे वापर. फुकट घालवू नकोस. पॉपला दे." तीही हसली, कारण तो हसत होता, आणि बूट बाहेर काढताना तिच्या हाताला ते गार लागले ते अजून आठवतं. त्या आठवड्यात तिनं सहा पट्ट्या काढल्या, तो कोचावरून एकेक पाहून मान डोलवत राहिला, आणि पाकीट शिकागोला गेलं.

सप्टेंबरात तो हरवला. सरोवराकाठी सापडला, स्लिपरांवर, गुडघ्यापर्यंत ओला. मग कॉरीन आली, डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, वृद्धाश्रमाची खोली मिळाली. गावातल्या बायकांनी बटाट्याच्या आणि नूडल्सच्या भाजलेल्या पदार्थांचे डबे आणून आर्डिसच्या दाराशी ठेवले. आणि आर्डिस या सगळ्यातून पाटाशी परत येऊन नोव्हेंबर काढत होती, डिसेंबर काढत होती. तेव्हाच शिकागोला एक फोन केला असता तर बुटांचा आठवडा मागे घेता आला असता. त्यांच्याकडे अडीअडचणीसाठी चार जुन्या पट्ट्या नेहमी असतात. पण तिला सुचलंच नाही. तो आठवडा तिच्या दृष्टीनं ऑगस्टात संपलेला होता. जे तिच्या हातून गेलं, ते जगाला अजून व्हायचंय, हे ती विसरली. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातलं माणूस ही चूक करणार नाही.

शनिवारच्या त्या भांडणात तिनं हे सगळं सांगून पाहिलं. कॉरीन ऐकत होती, पण काचा वर केलेल्या गाडीत बसलेला माणूस बाहेरचं ऐकतो तसं.

मग कॉरीननं आपलं म्हणणं सांगितलं. शिकागोशी तिचं बोलणं झालं होतं. जानेवारीपासून टिल्बी पुन्हा पहिल्यापासून छापायचे. अगदी सुरुवातीचे, डॅडच्या स्वतःच्या हातचे. पुष्कळ पेपर हल्ली असंच करतात, वाचणाऱ्यांना फरक कळत नाही. कोपऱ्यातलं साल तेवढं बदलायचं, आणि दहा सेंटची कॉफी डॉलरची करायची. ते काम आर्डिसनं हवं तर करावं. आणखी एक, गावच्या लायब्ररीत मूळ पट्ट्या लावायच्या आहेत, डॅडच्या नावाची एक खोलीच होणार आहे. सगळे खोके तिनं मिलवॉकीला नेले आणि एका माणसाकडून साफ करून घेतले.

"साफ म्हणजे?" आर्डिसनं विचारलं.

"निळी गिचमिड होती सगळीकडे. पुसून काढली. आता कशा छान दिसतात, बघशील."

आर्डिसनं पाटावरची शाईची बाटली उचलली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग तीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"त्याच्या हातचं तू म्हणतेस ना, ते पहिली वीस-एक वर्षं. नंतरचं सगळं मी काढलंय. फक्त काळं नाही भरलं. चेहरे, हात, विनोद, सही. सगळं."

कॉरीन हसली. वाईट हसू नव्हतं ते, थकलेलं होतं. म्हणाली, आर्डी, तू त्याला मदत केलीस, मला माहितीये.

आर्डिसनं कोरा कागद ओढला, टाक बुडवला आणि एका दमात पॉप टिल्बी काढला. मिशा, पोट, नाकाचा बटाटा. आखणी नाही, खोडणं नाही. शाई ओली असतानाच कागद कॉरीनसमोर धरला.

कॉरीननं बराच वेळ पाहिलं. "हुबेहूब," ती म्हणाली. "पण पोपटही बोलतो, आर्डी. म्हणून शब्द त्याचे होत नाहीत."

या कामात जिचं चित्र अगदी दुसऱ्याचं वाटतं तीच चांगली, आणि चांगली असल्याचा पुरावा तोच तिच्यावर उलटतो. निळं नाव पुसलं गेलेलं. शिकागोच्या कचेरीतली जुनी माणसं गेली, नव्यांना एवढंच ठाऊक की मिस्टर हॅगेडॉर्नच्या हाताखाली कुणी बाई आहे. उरलं एकच तोंड, लाइलचं.

ते कॉरीनच्याही लक्षात आलं असावं. कोटाची बटणं लावताना तिनंच सांगितलं, की उद्या रविवार आहे, डॅड दुपारी बरा असतो, आपण दोघी जाऊ. त्याचे काही दिवस अगदी लख्ख असतात. तो म्हणाला की बुटांची कल्पना माझी, तर मी तुला माफ करीन. आणि तो म्हणाला की हे आर्डीनं काढलंय, तर मी स्वतः शिकागोला फोन करीन. जुन्या पट्ट्या रद्द. टिल्बी चालू राहतील आणि खाली तुझं नाव येईल. शाईत.

त्या रात्री आर्डिस काही काढू शकली नाही. पाटावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार अर्धा पडला होता. पॉप झाडावर तारा लावायला शिडीवर चढलेला, आणि कागदावर अजून शिडीच नाही.

रविवारी चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, मधे हातमोजे ठेवून. मग आर्डिसनं वाटेत थांबून कडक पाव आणि निखाऱ्यावर भाजलेलं ब्राट सॉसेज घेतलं. कांदा नको, मोहरी पावाच्या दोन्ही बाजूंना. कॉरीन म्हणाली, तुला त्याची आवड बरी ठाऊक. आर्डिस म्हणाली, तीस वर्षं दुपारचं जेवण मीच आणत होते. कॉरीन पुढं काही बोलली नाही, पण गाडी चालवताना एकदा वळून तिच्याकडं पाहिलं.

लाइल काचेच्या व्हरांड्यात बसला होता. दाढी केलेली, स्वेटर उलटा नव्हता, पायात बूट. पलीकडं सरोवर करडं आणि फुगलेलं. त्यानं दोघींना पाहिलं आणि आनंदानं हात वर केला, पण कुणासाठी केला ते कळलं नाही. कॉरीननं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आर्डिसनं पाव त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं कागद सोडवला, एक घास चावला, मिशीला लागलेली मोहरी चाटली आणि कॉरीनला म्हणाला, "बघ, यांना माहितीये मला कसं लागतं ते."

'यांना.' आर्डिसनं ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

कॉरीननं पर्समधून आठवड्याची कात्रणं काढून त्याच्या समोरच्या टेबलावर ओळीनं मांडली. त्यानं खिशातून चष्मा काढला. सोमवार वाचला. मंगळवार वाचला. बुधवारी खांदे हलायला लागले. शनिवारच्या लोण्यापाशी पोचला तेव्हा तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तो, टेबलावर थापा मारत, अगदी त्या ऑगस्टसारखा. व्हरांड्यातल्या इतर म्हाताऱ्या माना वर करून बघायला लागल्या. आर्डिसही हसली.

"डॅड," कॉरीन म्हणाली, "हे बूट फ्रिजमध्ये ठेवायचं कुणाचं डोकं?"

"माझं. मीच ठेवले होते. उन्हाळ्यात." तो डोळे पुसत होता. "काय हसलो आम्ही. भिंत धरून."

कॉरीननं आर्डिसकडं पाहिलं. त्या नजरेत शनिवारचा राग नव्हता. ती पुढं झुकली. "आम्ही म्हणजे कोण, डॅड?"

लाइलचा हात हवेत उठला. टाक शोधताना उठायचा तसा, बोटं अर्धी मिटलेली. तो सरोवराकडं पाहत राहिला. तोंड उघडलं, मिटलं. आर्डिस मनातल्या मनात त्याला आपलं नाव अक्षर अक्षर सांगत होती, ओरडत नव्हती, नुसती सांगत होती.

"मी," लाइल म्हणाला, "आणि तो कुत्रा."

हॅगेडॉर्नांच्या घरात कधी कुत्रा नव्हता. कुत्रा टिल्बींच्या घरात आहे.

"आणि हे काढलं कुणी?" कॉरीनचा आवाज बारीक झाला होता.

"मी. आणखी कोण?"

"सगळं?"

"सगळं, बेटा. शेजारचा येऊन काढून देतो की काय?" त्यानं शनिवारचं कात्रण उचलून उजेडाकडं धरलं. हातही फार कापत नव्हता. "ही रेघ बघ. मिशीची. अशी रेघ जमायला जन्म जातो."

कॉरीननं आर्डिसचा हात धरला आणि तिला खिडकीपाशी नेलं. ती रडत होती. म्हणाली, मला माफ कर, तू हसली नव्हतीस त्याला. मग नाक पुसून, खालच्या आवाजात, घाईघाईनं तिनं बाकीचं सांगितलं.

"आणि दुसरंही खरंय, आर्डी. मघाशी त्या पावातच कळलं मला. पण ऐकलंस ना त्याला? एवढं एकच उरलंय त्याच्याजवळ. माझं नाव सकाळी दोनदा विसरला तो. हे नको काढून घ्यायला. मी जुन्या पट्ट्या थांबवते, तू काढत राहा, अगदी आहे तसं. फक्त सही त्याची. तो आहे तोवर. आणि नंतर तरी... नंतर कोण बघतंय?"

आर्डिसनं टेबलाकडं पाहिलं. लाइल पुन्हा सोमवारपासून वाचायला लागला होता आणि बुधवारी पुन्हा हसणार होता. त्यानं मान वर केली. आपल्याकडं एक बाई एवढं टक लावून पाहतेय म्हटल्यावर माणूस चार शब्द बोलतोच. तो अदबीनं जरा पुढं झाला, खुर्चीतल्या खुर्चीत, आणि चष्म्यावरून तिच्या बोटांकडं, बोटांच्या पेरांत मुरलेल्या शाईकडं बघत म्हणाला, "बाई, तुम्ही पण काढता का चित्रं?"

कॉरीननं आर्डिसच्या हातावरची पकड घट्ट केली.

आर्डिसनं हात सोडवून घेतला. खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला, एक बाही घातली, दुसरी सापडेना, ती तशीच लोंबू दिली. हातमोजे टेबलावर कात्रणांशेजारी राहिले. ती म्हाताऱ्यांच्या रांगेतून चालत गेली, काचेचं दार ढकललं, आणि आत शिरलेल्या सरोवरावरच्या वाऱ्यानं शनिवारची पट्टी जमिनीवर पडली.

मागून लाइलनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा आवाज चढवून, बहिऱ्या माणसाला विचारावा तसा.